दोरी आणि बोटं यांच्यामध्ये मी

मित्रांनो, तुमच्या तळहातावर सहज मावेन अशी मी एक जुनी, चामड्याची टॅब आहे. टॅब म्हटल्यावर तुमच्यापैकी कितीतरी जणांचे डोळे चमकले असतील, पण माझ्यात ना चित्रं दिसतात ना गाणी लागतात. मी धनुष्यबाण चालवणाऱ्यांच्या बोटांची टॅब. माझी वादी मधल्या बोटात अडकवायची, मला तीन बोटांच्या आतल्या बाजूला धरायचं आणि मग धनुष्याची दोरी ओढायची. दोरीचा सगळा ताण मी अंगावर घेते आणि बोटं वाचवते. दोरी आणि बोटं यांच्यामध्ये राहायचं, एवढंच माझं काम.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही तसंच वाटलं होतं.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. दूरच्या कुठल्याशा शहरातला कारखाना, कापायच्या यंत्राचा धप्पकन आवाज, मग शिवणयंत्राची सुई. माझं अंग दोन चामड्यांचं होतं. एक गुळगुळीत, ते दोरीकडे. दुसरं मऊ, ते बोटांकडे. आणि दोन्हींच्या मध्ये काळ्या रबराचा थर. म्हणजे माझं एक अंग फक्त दोरीला ओळखणार होतं आणि दुसरं फक्त बोटांना. एकाच शिवणीत राहून त्या दोघांची कधी भेट झालेली नव्हती. तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट, मी किती जाडजूड, किती भक्कम, याचाच मला अभिमान होता.

अंबाजोगाईच्या एका खेळाच्या दुकानात, शिट्ट्यांच्या झुबक्याशेजारी एका खिळ्यावर आम्ही सगळ्या लटकत होतो. आमच्यात एक इतकी पातळ होती की पंख्याच्या वाऱ्यानं फडफडायची. एकीच्या अंगावर वासराचे बारीक केस तसेच ठेवलेले होते, दोरी त्यावरून सुळकन निसटावी म्हणून. सगळ्यांत जाड मी. एके दिवशी दुकानात उज्ज्वला आली, सोबत तिची पाचवीतली लेक संस्कृती.

उज्ज्वला केज तालुक्यातल्या एका गावात राहणारी, कॉलेज शिकलेली. तिचे डोळे सारखे कशावर तरी पहारा देत असत. लेकीच्या बुटाची सुटलेली नाडी, दुकानाची उंच पायरी, मागं येणारा टेम्पो, सगळं तिला आधी दिसायचं. शाळेतल्या विजयमाला मॅडमनी संस्कृतीला धनुर्विद्येत घेतलं होतं, बांबूचं साधं धनुष्यही दिलं होतं. टॅब मात्र जिची तिनं आणायची होती, कारण हाताहाताचं माप वेगळं.

उज्ज्वलानं आम्हाला एकेक करून खाली घेतलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं, भाजीवाल्याकडं वांगी दाबून बघतात तसं. संस्कृतीनं केसाळ टॅब बोटात घातली होती आणि दोरी नसतानाच दोरी ओढत होती. तिच्या बोटांना काहीतरी कळत होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण उज्ज्वलाचा अंगठा माझ्यावर येऊन थांबला.

दुकानदार म्हणाला, "वहिनी, ही लई जाड हाय. मोठ्या माणसाची. लेकराला हिच्यातून दोरी कळायची न्हाई."

"कळायला कशाला पाहिजे?" उज्ज्वला म्हणाली. "लागायला नको, म्हणजे झालं."

मला तिचं म्हणणं एकदम पटलं. माझ्या पिशवीला गाठ पडली आणि मी गावी आले.

शाळेमागच्या माळावर सराव चाले. उसाच्या पाचटाचे गठ्ठे एकावर एक रचून त्यावर गोल गोल रंगांचा कागद लावलेला असे. पहिल्याच दिवशी संस्कृतीनं मला बोटात घातलं, दोरी ओढली, आणि मला धक्काच बसला. केवढी ताकद त्या दोरीत! मी जिला नुसता दोरा समजत होते, ती ओढली गेली की जिवंत होते. सगळं धनुष्य तिच्यात उतरतं. आणि त्या ताकदीसमोर उभं काय, तर एका लेकराची तीन बोटं.

मी माझं काम चोख केलं. दोरीचा वळसुद्धा त्या बोटांवर उमटू दिला नाही. रोज संध्याकाळी उज्ज्वला लेकीचा हात दिव्याखाली धरून बघायची आणि समाधानानं सोडायची. मला धन्य वाटायचं.

बाण मात्र कुठल्या कुठं जायचे. संस्कृतीला दोरी बोटांच्या कुठल्या पेरावर आहे तेच कळायचं नाही. मग ती घाबरून बोटं आणखी वळवायची, दोरी आणखी आत घ्यायची. सोडताना माझी जाड कड दुमडायची आणि जाता जाता दोरीला ढुशी द्यायची. झालं, बाण गवतात. तिच्याबरोबरची ऋतुजा एकदा मला उलटीपालटी करून म्हणाली, "हिला नुसती शिंगं तेवढी न्हाईत. न्हाईतर म्हैसच हाय." सगळ्या पोरी हसल्या. संस्कृतीही हसली, पण तिचा हात घामेजला होता. ते फक्त मला कळलं.

मॅडमनी उज्ज्वलाला निरोप पाठवला की टॅब बदला, पातळ घ्या. उज्ज्वलानं उलटा निरोप दिला की बाण आज ना उद्या लागतील, बोटं एकदा गेली की परत येत नाहीत. तिच्या माहेरच्या गावी एका मुलाची बोटं कडबा कापायच्या यंत्रात गेली होती, तेव्हापासून बोटं म्हटलं की तिचा जीव गोळा व्हायचा. तिला दोष देऊ नका, मित्रांनो. ज्याचा जीव गोळा होतो त्यालाच ते ठाऊक.

आणि मग ते सुरू झालं. मॅडम दुसरीकडे वळल्या की संस्कृती मला हळूच काढायची, पँटच्या खिशात कोंबायची आणि उघड्या बोटांनी दोरी ओढायची. खिशाच्या अंधारात पडून मी नुसता आवाज ऐकायची. दोरीचा टणत्कार, आणि मग लांबवर पाचटात बाण घुसल्याचा थप्प. माझ्याबरोबर असताना तो थप्प मी क्वचितच ऐकला होता. आता तो सारखा येऊ लागला. मला हेवा वाटला, आणि भीतीही. कारण प्रत्येक थप्पनंतर एक बारीक 'स्स' ऐकू यायचा.

एका संध्याकाळी जेवताना संस्कृतीनं भाकरी आणि ठेच्यासाठी चमचा मागितला.

साधी गोष्ट आहे ना? घरात कुणाच्या लक्षातही आली नसती. पण उज्ज्वलानं हातातलं भांडं खाली ठेवलं, लेकीचं मनगट धरलं आणि बोटं उलगडली. तर्जनीवर आणि मधल्या बोटावर पाण्यानं भरलेले फोड होते. एक फुटलेला. त्यात ठेच्याचं तिखट लागू नये म्हणून चमचा.

कशानं झालं, असं उज्ज्वलानं विचारलं. संस्कृतीनं खाली मान घातली आणि म्हणाली, "टॅब टोचते."

मी तिथंच, खुंटीला अडकवलेल्या पिशवीत होते. मला तोंड असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुधा गप्पच राहिले असते. लेकरू भ्यालेलं होतं, आणि फोड खरे होते.

उज्ज्वलानं सांगून टाकलं. पोळ्यानंतरच्या रविवारी माजलगावला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. तोवर बोटं सुधारली आणि पुन्हा एकही फोड आला नाही तर ठीक. फोड दिसला की धनुष्य मॅडमना परत. कायमचं. संस्कृती रडली नाही. तिनं फक्त बोटं मुठीत लपवली.

चार दिवसांनी पोळा उद्यावर आला. ओसरीत बैलांच्या घुंगरमाळा, गोंडे, गळ्यातले चामडी पट्टे काढून ठेवले होते, आणि उज्ज्वलाच्या सासूबाई, कडूबाई, त्यांना करडईचं तेल चोळत बसल्या होत्या. वर्षभर उन्हात वाळलेलं चामडं तेल पिऊन काळंभोर, लुसलुशीत होत होतं. उज्ज्वला ते बराच वेळ बघत राहिली. कडूबाईंनी तिच्या मनातलं ओळखलं.

"आण ती पोरीची पट्टी हिकडं," त्या म्हणाल्या. "जनावराच्या मानंला पट्टा कावून टोचत न्हाई? तेल पाजलेलं असतंय म्हून."

शिकलेल्या उज्ज्वलालाही ते बरोबरच वाटलं. कुणालाही वाटलं असतं. त्या घरात चामडं म्हणजे बैलाच्या अंगावरची वस्तू, आणि ते मऊ ठेवणं म्हणजे मुक्या जिवावर माया करणं. तिनं मला मांडीवर घेतलं, चिंधी तेलात बुडवली आणि माझ्या गुळगुळीत अंगावर चोळली. पुन्हा चोळली. इतक्या प्रेमानं मला कुणी हात लावला नव्हता. मी तेल पीत गेले. मग तिनं मला घुंगरमाळांच्या ओळीत उन्हाला ठेवलं, आणि मलाही वाटलं, उद्या आपल्याही अंगावर झूल पडणार.

मित्रांनो, बैलाच्या मानेवर पट्टा बसून राहायला हवा. माझ्यावरून दोरी निसटून जायला हवी. हा फरक आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आला नाही.

फोड वाळले, नवी कातडी आली. पोळ्यानंतरच्या पहिल्या सरावाला उज्ज्वला स्वतः आली आणि माळाच्या कडेला बाभळीखाली उभी राहिली. संस्कृतीनं मला घातलं, दोरी ओढली, सोडली. पण मी फुगून चिकट झाले होते. दोरी माझ्या अंगाला धरून राहिली, मग हिसडा मारून सुटली, वाकडी गेली आणि तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूवर चाबकासारखी बसली. बाण पायापुढंच पडला.

उज्ज्वला धावत आली. हातावर लाल वळ उठत होता. तिनं मला लेकीच्या बोटातून ओढून काढलं, आणि मला वाटलं, आता ही मला बाभळीत भिरकावणार. मग धनुष्य परत, आणि सगळं संपलं.

तेव्हा संस्कृती बोलली. "आई, तिच्यानं फोड न्हाई आले. मी तिला काढून ठेवत होते. मला दोरी कळंना म्हणून."

उज्ज्वलाचा हात तसाच राहिला. विजयमाला मॅडम जवळ आल्या. त्यांनी पोरीच्या वळावर ओला रुमाल ठेवला, आणि कुणालाच न रागावता धनुष्य उज्ज्वलाकडे दिलं. म्हणाल्या, ताई, एकदा तुम्ही ओढून बघा. फक्त दोरी सोडू नका, बाण नसताना सोडत नाहीत, धनुष्य तडकतं. ओढा आणि हळूच परत आणा.

उज्ज्वलानं बांगड्या वर सारल्या, पदर खोचला. आधी तिनं मला घातलं. ओढलं. तिचं कपाळ आक्रसलं. "काहीच कळत नाही हो," ती म्हणाली. "दोरी कुठं आहे तेच कळत नाही."

मग तिनं मला काढलं आणि उघड्या बोटांनी ओढलं. तोंडातून 'स्स' निघाला. तोच, खिशात पडून मी ऐकलेला. दोरी परत आणून ती आपल्या बोटांवरच्या खोल खुणा बघत राहिली, आणि मग लेकीच्या बोटांकडे. हे त्या पोरीनं रोज, गुपचूप सोसलं होतं, आणि तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा माळावर आली होती. उज्ज्वलाच्या डोळ्यांत राग नव्हता. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक दिवा दिसावा तसं काहीतरी होतं.

शेवटी मॅडमनी स्वतःची टॅब दिली. एकेरी चामड्याची, झिजून पानासारखी झालेली. उज्ज्वलानं दोरी ओढली आणि ओढूनच उभी राहिली. हात थरथरायला लागला तरी परत आणेना. बाभळीवरचा होला पक्षी घुमायचा थांबला तेही तिला कळलं नसावं.

"कळतं," ती हळू आवाजात म्हणाली. "लागत नाही, पण कळतं."

घरी येऊन तिनं नवं पातं घेतलं आणि ओसरीच्या उजेडात माझी शिवण उसवायला सुरुवात केली. कडूबाई म्हणाल्या, "घेतली नवी, तेल पाजलं, अन आता लागली फाडायला." उज्ज्वला म्हणाली, "आत्याबाई, तेल वरच्या थरानंच प्यालंय. रबराच्या खाली कोरडं आहे. बघते."

एकेक टाका तुटत गेला. माझं तेलकट, जाड अंग सुटून पडलं. मग रबर सुटलं. उरलं ते फक्त मऊ चामडं, आजवर बोटांकडे असलेलं. तिनं संस्कृतीचा हात माझ्यावर ठेवला, पेन्सिलीनं बोटांभोवती रेघ काढली आणि रेघेवरून मला कापलं. पोरीनं मूठ अर्धी मिटून बघितली. कुठं दुमडतंय ते दाखवलं. उज्ज्वलानं तिथं आणखी कापलं. बाणाच्या शेपटीसाठी खाच केली. माझी जाडी गेली, भक्कमपणा गेला, दुकानातली सगळी ऐट गेली. मी इतकी हलकी झाले की मला माझीच भीती वाटली. आता ही बोटं माझ्यानं राखली जातील का?

दुसऱ्या दिवशी दोरी ओढली गेली, आणि मित्रांनो, तो क्षण मी कसा सांगू? माझ्या एका अंगाला दोरी होती, धनुष्याचा सगळा जोर घेऊन कंप पावणारी. दुसऱ्या अंगाला लेकराची ऊबदार बोटं होती, त्यांची नाडी मला लागत होती. दोन्ही मला एकाच वेळी कळत होती. आणि त्या दोघांना माझ्यातून एकमेकांची ओळख पटत होती. मग संस्कृतीचा श्वास थांबला, आणि तिच्या बोटांनी दोरी सोडली असंही म्हणता येणार नाही. त्यांनी फक्त धरायचं थांबवलं. बस. दोरी माझ्यावरून गेली, ओल्या दगडावरून पाणी जावं तशी. लांबून थप्प आला.

तेव्हापासून घरात एक नियम झाला. सराव संपला की बोटं आईला दाखवायची. लाल चालेल, फोड चालणार नाही. लपवायचं नाही.

निवडीच्या दिवशी माजलगावच्या मैदानावर धरणाकडून वारा येत होता. मोठमोठ्या शाळांची मुलं, रंगीत टोप्या, पिशव्यांवर नावं. त्यांच्या हातात चकचकीत टॅब होत्या, आणि मी घरी कापलेली, कड जराशी वाकडी. उज्ज्वला दोरखंडाच्या बाहेर इतर पालकांत उभी होती. दर फेरीनंतर मुलं बाण काढून परत यायची, तशी संस्कृती दोरखंडाजवळ यायची आणि न बोलता हात पुढं करायची. उज्ज्वला बघायची, मान हलवायची.

शेवटच्या फेरीआधी हात पुढं आला तेव्हा तर्जनीचं टोक लालभडक होतं. नव्या कातडीची ती जागा. माझं अंग त्या दिवशी घामानं आणि वापरानं मलूल झालं होतं. मी माझ्यापरीनं राखलं होतं, पण सगळं राखता आलं नव्हतं.

उज्ज्वला कितीतरी वेळ ते बोट बघत राहिली. शेजारची एक बाई म्हणाली, बास करा की आता, लेकराचे हाल. उज्ज्वलानं तिकडे पाहिलं नाही. तिनं अंगठ्यानं ते टोक दाबलं. पांढरं झालं. अंगठा काढला. रक्त परत आलं. तिनं पुन्हा दाबलं, कडेकडेनं, फोडाचं पाणी हाताला लागतं का ते बघत. संस्कृती आईच्या तोंडाकडे बघत होती. पोर काही मागत नव्हती, नुसती वाट बघत होती. पंचांची शिट्टी झाली.

"कातडी धड आहे," उज्ज्वला म्हणाली. "जा."

मित्रांनो, एक गोष्ट सांगते. मी आजवर एकही बाण लागताना पाहिलेला नाही. दोरी ओढली की मी संस्कृतीच्या हनुवटीला टेकलेली असते, माझ्यासमोर फक्त तिचा गाल. बाण कुठं गेला हे मी बघणाऱ्यांच्या तोंडावरून ओळखते. म्हणून त्या फेरीत दोरी निसटताच माझं लक्ष उज्ज्वलाकडे गेलं. सगळे पालक माना लांब करून पाचटाच्या गठ्ठ्याकडे बघत होते. कुणीतरी टाळी वाजवली. एकटी उज्ज्वला तिकडे बघत नव्हती. ती आमच्याकडे बघत होती, उघडलेल्या तीन बोटांकडे. जगात त्यापेक्षा मोठं काही चाललेलं नाही, असं. तो बाण कुठं लागला, ते आम्हा दोघींनाही नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

संस्कृतीची निवड झाली. आता तिचा हात मोठा झालाय आणि मी तिच्या बोटांना पुरत नाही. माझं चामडं काळं पडलंय, खाच फाकलीय. मी भिंतीतल्या देवळीत असते, फणीशेजारी. त्याचं मला वाईट वाटत नाही.

फक्त एवढं ऐका. तुमच्या हातांना काही झालं तर ते मुठीत लपवू नका, घरी दाखवा. तुमची काळजी करणारी माणसं घाबरतील, रागावतील, चुकीचं तेलही लावतील, तरी दाखवा. आणि ही गोष्ट मोठ्या माणसांपैकी कुणी वाचत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे: आम्हाला लेकरांच्या बोटांत जरूर घाला, पण एवढंच जाड ठेवा की दोरी त्यांना कळत राहील.